साखर नावाच्या माणसासाठी चेलोची तीन कडवी: ऐकताना धरायचं काय?

पांढरीसहा | १३ डिसेंबर, रात्री १०:४२

मी पेटीवाला माणूस. भजनी मंडळापासून नाट्यगीतांपर्यंत साथ करत आलोय. पाश्चात्त्य संगीतातला माझा अधिकार शून्य, हे आधीच कबूल. पण गेले आठ दिवस घरात जे चाललंय ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून धागा काढला.

भाचा मुंबईत चेलो (व्हायोलिनचा थोरला, खर्जातला भाऊ) शिकतो. सुट्टीला आमच्याकडे आलाय, चेलोसकट. पंचवटी एक्सप्रेसमधून ते धूड कसं आणलं ती कथा वेगळीच, शेजारच्या काकांनी चेलोच्या खोक्याकडे बोट दाखवून "आत कोण आहे?" असं विचारलं, एवढंच सांगतो. नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली त्याला दिली. बाख (जुना जर्मन संगीतकार) वाजवायचा तोवर बरं चाललं होतं, वरच्या मजल्यावरच्या आजीसुद्धा गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या. सोमवारी त्यानं नवीन काहीतरी काढलं. मला वाटलं तारा लावतोय. वीस मिनिटांनी चहा घेऊन गेलो आणि विचारलं, "लागल्या का तारा?" तो म्हणाला, "मामा, वाजवत होतो मी."

फार ओशाळलो. मग बसलो त्याच्यापाशी.

रचना आंरी द्युतियो या फ्रेंच संगीतकाराची (१९१६–२०१३). फ्रेंच नाव 'त्र्वा स्त्रोफ स्युर ल नों द साखेर', म्हणजे साखर या नावावरची तीन कडवी. सोबत पियानो नाही, काही नाही, एकटा चेलो. सगळी मिळून साधारण दहा मिनिटं. पाउल साखर (खरा उच्चार झाखरच्या जवळ जातो, पण आमच्या घरात आता साखरच चालतं) हे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचे वाद्यवृंद-संचालक. जन्म १९०६. माणूस धनवान आणि दर्दी, दोन्ही एकदम, म्हणून आयुष्यभर संगीतकारांकडून नव्या रचना लिहवून घेत राहिला. १९७६ साली त्यांची सत्तरी आली तेव्हा रशियन चेलोवादक रोस्त्रोपोविचनं बारा संगीतकारांना गळ घातली: या माणसाच्या नावातून सूर काढा आणि चेलोसाठी काहीतरी लिहा. ब्रिटन, बेरिओ, बुलेझ, लुटोस्लावस्की अशी मंडळी त्यात होती. द्युतियो त्यातलाच एक.

नावातून सूर कसे काढतात? त्यांच्याकडे सुरांना अक्षरं असतात. साखरची रोमन स्पेलिंगमधली सहा अक्षरं: एस, ए, सी, एच, ई, आर. जर्मन पद्धतीत 'एस' म्हणजे ई फ्लॅट (कोमल ई), 'एच' म्हणजे शुद्ध बी. आर नावाचा सूर जर्मनांकडे नाही, तो फ्रेंचांच्या 'रे'वरून घेतला, म्हणजे डी. भाच्यानं मला पेटीसमोर बसवलं आणि सांगितलं, दाब (सी म्हणजे पांढरी एक): काळी दोन, पांढरी सहा, पांढरी एक, पांढरी सात, पांढरी तीन, पांढरी दोन.

दाबल्या. दहा वेळा दाबल्या. रात्री दूध तापवताना तेच गुणगुणत होतो. बायको म्हणाली, हे कुठलं अभद्र?

आता मुद्दा. द्युतियो हे नाव सुरुवातीलाच सरळ वाजवून "हा घ्या मुखडा" असं करत नाही. तुकडा टाकतो, थांबतो, परत येतो, एखादा सूर वाढवतो, नाव उलटंही वाचतो. पहिल्या कडव्यावर त्यानं सूचनाच लिहिली आहे, 'उन पोको इंदेचिझो', म्हणजे जरा चाचरत, मनाचा निश्चय न झाल्यासारखं. अशा हळूहळू वाढत जाणाऱ्या बांधणीला तो स्वतः 'क्रमशः वाढ' या अर्थाचा शब्द वापरायचा. ऐकता ऐकता मला वाटलं, अरे, ही तर आपली बढत! एकेक सूर उलगडत जायचं. हे लक्षात आल्यापासून मला ती रचना "लागायला" लागली.

जाणकारांनी सांगावं, मी वाहवत तर गेलो नाही ना?

---

चहाबाज | १३ डिसेंबर, रात्री ११:०३

साखरेवर चेलो. पुढचा धागा गुळावर सनई. मी पैला.

---

वाचनवेडी | १३ डिसेंबर, रात्री ११:१०

मस्त लिहिलंय काका. वाखूसा (वाचनखूण साठवली). "लागल्या का तारा" वाचून नवऱ्याला उठवून सांगितलं.

एक भाबडा प्रश्न. बाकीच्या अकरा जणांनीही तेच सहा सूर घेतले? मग सगळं सारखंच वाजत नाही का?

---

पांढरीसहा | १३ डिसेंबर, रात्री ११:२५

@वाचनवेडी, तेच सहा. पण एकाच समस्यापूर्तीला बारा कवींनी बारा तऱ्हेनं उत्तर द्यावं तसं. बुलेझनं एका चेलोबरोबर आणखी सहा चेलो घेतले, अक्षरं सहा म्हणून. द्युतियोनं एकट्यालाच ठेवलं.

---

मध्यलय | १४ डिसेंबर, सकाळी ७:१८

नमस्कार. पंचवटीत गाण्याचे क्लास घेते. काल रात्री धागा वाचला आणि आज पहाटे रियाजाला बसले ती रचना यूट्यूबवर दोनदा ऐकूनच. त्यामुळे थोडं सविस्तर, आणि दादा, थोडं विरोधात.

बढत म्हणणं मोहाचं आहे, पण त्यात एक गफलत होते. बढतीत श्रोत्याला सा माहीत असतो. तानपुरा मागे वाजत असतो. गायक गंधारावर दहा मिनिटं रेंगाळला तरी घर कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक, म्हणून रेंगाळण्यात गंमत. इथे तानपुरा नाही, सा नाही, सम नाही. म्हणजे उलगडत काय जातंय? सुरांचं एकमेकांतलं अंतर. सुरांचं घराशी असलेलं नातं नव्हे.

तरी मी हट्टानं सा धरून पाहिला. पांढरी एक सा धरली तर ते सहा सूर होतात: कोमल ग, ध, सा, नी, शुद्ध ग, रे. दोन गंधार, आणि म व प दोन्ही गायब. म आणि प दोन्ही वर्ज्य असलेला राग आपल्याकडे होतच नाही, हे पहिल्या परीक्षेला पाठ करून घेतात. म्हणून सोडून दिलं.

मग पांढरी सहा सा धरली. आणि दादा, अंगावर काटा आला. आता होतं: तीव्र म, सा, कोमल ग, रे, प, शुद्ध म. ओळीनं मांडा: सा रे ग म म' प, गंधार कोमल. सहाच्या सहा सूर सा ते प या पूर्वांगात कोंबलेले, वर एकही नाही! उत्तरांगच नाही या माणसाच्या नावाला. म्हणून तुम्हाला ते घुसमटल्यासारखं, "अभद्र" वाटलं. दोन्ही मध्यम आहेत पण केदार नाही, कारण गंधार कोमल. कोमल गंधार आणि तीव्र मध्यम आहे पण मधुवंती नाही, कारण शुद्ध मध्यम मधे कडमडतो. आणि नाव सुरू होतं तीव्र मध्यमावर, संपतं शुद्ध मध्यमावर. घर सोडून निघालेला माणूस शेजारच्यांच्या ओसरीत बसून राहावा तसं.

वाद घालण्यासाठी वाद नाही हा. ऐकायला मला आवडलं. फक्त बढत म्हणू नका.

---

चहाबाज | १४ डिसेंबर, सकाळी ८:०२

ताई, साखरेला उत्तरांग नाही हे मधुमेहवाल्यांना कळवा.

---

पांढरीसहा | १४ डिसेंबर, सकाळी ९:३०

@मध्यलय, ताई, दंडवत. भाच्याला वाचून दाखवलं. तो आधी हसला, मग पांढरी सहाचा सा मनात धरून वाजवायला बसला आणि दोन मिनिटांत वैतागला. म्हणाला, मामा, असा सा धरला की प्रत्येक सूर चुकीच्या जागी पडल्यासारखा वाटतो. सा सोडायचा आणि नाव धरायचं. म्हणजे तुमचाच मुद्दा, दुसऱ्या दारानं.

"बढत" मागे घेतो. पण पूर्ण नाही. सा नसला तरी कुणीतरी मागे उभं आहेच की, तो साखर नावाचा माणूस. आपल्या जुन्या ख्यालांतून सदारंग हा रचनाकार स्वतःच्या नावाबरोबर आपल्या बादशहाचं, मम्मदसाचं (मुहम्मद शाहचं) नाव गुंफायचा ना? बंदिश ज्याच्या आश्रयानं झाली त्याचं नाव शब्दांत. इथे शब्द नाहीत, म्हणून नाव सुरांत.

---

मध्यलय | १४ डिसेंबर, सकाळी ९:४१

हां, हे मान्य. "सदारंगिले मम्मदसा" ची तुलना चपखल. फक्त आपला सदारंग ते नाव ठळकपणे अंतऱ्यात ठेवतो. हा लपवतो.

---

खुंटीबहाद्दर | १४ डिसेंबर, दुपारी १:१५

सातपूरला कारखान्यात आयुष्य गेलं, कान यथातथाच. पण व्हिडिओ पाहिला आणि एक गोष्ट खटकली. चेलोची सगळ्यात जाड तार वाजवताना इतकी का लवलवते? बाखच्या व्हिडिओत तीच तार ताठ दिसते. की माझाच भास?

---

पांढरीसहा | १४ डिसेंबर, दुपारी २:०५

भास नाही! हे सांगायचं राहिलंच, आणि माझ्या मते रचनेची अर्धी किल्ली त्यात आहे.

चेलोच्या चार तारा नेहमी अशा लावतात, खालून वर: पांढरी एक, पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा. एकीपासून दुसरी पंचमावर. द्युतियो सांगतो, खालच्या दोन उतरवा. पांढरी एकची तार एक पूर्ण सूर खाली, काळी पाचवर. पांढरी पाचची अर्धा सूर खाली, काळी तीनवर. वरच्या दोन जशाच्या तशा.

आता पेटीवर बघा. वरच्या दोन तारांचे सूर, पांढरी दोन आणि पांढरी सहा, साखरच्या नावात आहेत. उतरवलेल्या दोघींचे, काळी पाच आणि काळी तीन, नावात नाहीत! आणि ज्या तारेचा मोकळा सूर नावात होता (पांढरी एक), तिलाच नेमकं खाली ओढलंय. म्हणजे वरच्या मजल्यावर साखर राहतो आणि तळमजल्यावर भाडेकरू. ती सगळ्यात खालची तार मोकळी सोडून वाजवली की खोलीतला दिवा मंद झाल्यासारखा वाटतो. नाव त्याच्यावर कुठेतरी वर तरंगत असतं.

---

खुंटीबहाद्दर | १४ डिसेंबर, दुपारी ३:३२

आता आलात आमच्या विषयात. गणित देतो, गोड मानून घ्या.

तार तीच, लांबी तीच, तर कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. जाड तार ६५.४ हर्ट्झवरून ५८.३ वर आणली. म्हणजे ताण जवळजवळ २१ टक्क्यांनी कमी. दुसरी ९८ वरून ९२.५ वर, तिचा ताण सुमारे ११ टक्के कमी. एक पंचमांश ताण गेला तर तार लवलवणारच. गज टेकवताना हातही वेगळा ठेवावा लागत असेल, नेहमीसारखा दाबला तर आवाज घरघरेल.

आणि दोन तारांचा ताण सुटला की वाद्याच्या पोटावरचा एकूण दाब कमी होतो. उरलेल्या दोन तारा किंचित चढत असतील. त्या पुन्हा लावाव्या लागतात का, भाच्याला विचारा. नाशिकच्या या कोरड्या थंडीत लाकडी खुंट्या आकसून सैल पडतात, ते आणि वेगळंच.

---

पांढरीसहा | १४ डिसेंबर, सायंकाळी ६:५०

काका, भाचा म्हणतो तुम्ही चेलोवाले असायला हवे होतात. वरच्या दोन्ही तारा चढतात, दरवेळी. आणि खुंटीचं तर काय सांगू. परवा पहाटे साडेपाचला मागच्या खोलीतून फाटकन आवाज आला. आम्ही दोघं धावत गेलो. चोरबीर काही नाही, खुंटी आपोआप घसरली आणि जाड तार सैल होऊन लाकडावर आपटली. आता तो खुंटीला खडू लावून ठेवतो. बायकोच्या रांगोळीच्या डब्याशेजारी चेलोचा खडू, असा आमचा संसार.

---

तिरकीट | १४ डिसेंबर, रात्री ८:२०

ढोलवाला आहे भो मी. रंगपंचमीला रहाडीच्या (रंगाच्या हौदाच्या) काठावर वाजवतो, त्यामुळे इथे बोलावं का नाही ते कळेना. तुमचं सहा सुरांचं मला काय झेपलं नाही, खरं सांगतो. ताल कुठाय त्याच्यात?

पण भाच्याला विचारा, चेलो हातानं बडवतात अशी काही रचना आहे का? एका व्हिडिओत बघितली होती, माणूस बोटांनी चेलोच्या अंगावर ठेका धरत होता. ती भारी होती.

---

पांढरीसहा | १४ डिसेंबर, रात्री ९:०४

बोला की, तुम्ही नाही बोलायचं तर कुणी! भाचा म्हणतो ती लुचानो बेरिओची 'सेक्वेन्झा १४' असणार, २००२ ची. रोहन द सरम नावाच्या चेलोवादकासाठी लिहिलेली. आईवडील श्रीलंकेचे, आणि हा चेलोबरोबर तिथला कँडीचा ढोलही वाजवायचा. बेरिओनं त्या ढोलाची लय चेलोवर आणली: डावा हात तारांवर बोटं आपटतो, उजवा लाकडावर. म्हणजे तुमच्या घराण्याचीच.

द्युतियोकडे तशी लय नाही हे खरं. तिसरं कडवं मात्र जलद आहे, 'विवाचे'. ते ऐका आधी, पहिलं मागून.

---

तिरकीट | १४ डिसेंबर, रात्री ९:४८

ऐकलं. तिसरं चालतं. गणपतीला नाही चालणार पण घरी चालतं.

---

अंकगणित | १५ डिसेंबर, सकाळी ११:२०

धागा शांतपणे वाचत होतो. पांढरीसहा यांच्या "तळमजल्यावर भाडेकरू" या वाक्यानं कामाला लावलं. कागद घेतला आणि अक्षरं मांडली.

जर्मन पद्धतीत शुद्ध बी ला एच म्हणतात, मग नुसता 'बी' कशाला म्हणतात? बी फ्लॅटला. म्हणजे आपली काळी पाच. म्हणजे ती खाली ओढलेली सगळ्यात जाड तार.

साखरच्या नावात मधली तीन अक्षरं बघा: ए, सी, एच. त्यांच्या आधी 'बी' लावा. बी, ए, सी, एच.

बाख.

बाखनं स्वतः आपल्या नावाचे हेच चार सूर वापरले होते, त्यानंतर कित्येकांनी. काळी पाच, पांढरी सहा, पांढरी एक, पांढरी सात. साखरच्या पोटात बाख तीन चतुर्थांश आहेच, आणि उरलेलं एक अक्षर तळाच्या तारेवर वाजतंय. एकट्या चेलोसाठी लिहायचं म्हटलं की प्रत्येक संगीतकाराच्या मानगुटीवर बाखचे सहा सुइट्स बसलेले असतातच, त्यामुळे मला हे फार गोड वाटलं.

हे माझं गणित. द्युतियोच्या माथी मारत नाही.

---

मध्यलय | १५ डिसेंबर, सकाळी ११:५२

अहो!! पेटी काढून वाजवलं. खरंच की.

---

चहाबाज | १५ डिसेंबर, दुपारी १२:१०

आता विनोद सुचत नाहीये. लोक फार हुशार निघाले.

---

वाचनवेडी | १५ डिसेंबर, दुपारी ४:३५

मी काल रात्री हेडफोन लावून पहिलं कडवं पाच वेळा ऐकलं. सूर ओळखता येत नाहीत मला, पण तिसऱ्या वेळेपासून एक जाणवलं. शेवटाकडे एकदम वेगळंच काहीतरी येतं. जुनं, उदास. आतापर्यंतच्या तुटक बोलण्यात कुणीतरी एकदम पूर्ण वाक्य बोलल्यासारखं. माझा भ्रम?

---

पांढरीसहा | १५ डिसेंबर, सायंकाळी ७:१५

@वाचनवेडी, सूर ओळखता येत नाहीत म्हणता आणि धाग्यातली सगळ्यात अवघड गोष्ट तुम्ही पकडलीत. भाचा तीन दिवस मला तेच दाखवत होता आणि माझ्या डोक्यावरून जात होतं.

ते द्युतियोचं नाही. बेला बार्तोकचं आहे. 'तंतुवाद्यं, तालवाद्यं आणि चेलेस्टा यांच्यासाठी संगीत' या त्याच्या रचनेतला तुकडा द्युतियोनं जसाच्या तसा उचललाय. का, तर ती रचना बार्तोककडून लिहवून घेतली होती साखरनंच, १९३६ साली, आपल्या बाझेलच्या वाद्यवृंदाच्या दहाव्या वाढदिवसासाठी. जानेवारी १९३७ मध्ये बाझेलमध्येच तिचा पहिला प्रयोग झाला, संचालक स्वतः साखर. चाळीस वर्षांनी त्याच माणसाच्या सत्तरीला त्याला ते परत ऐकवलं. म्हातारा समोर बसून ऐकताना काय झालं असेल!

---

मध्यलय | १५ डिसेंबर, रात्री ८:०१

दादा, पण मग एक रचनेचा प्रश्न. ही तर भैरवी झाली. इतकी मोठी आठवण, ती पहिल्याच कडव्याच्या शेवटी? पुढे दोन कडवी शिल्लक असताना? आमच्याकडे कुणी पहिल्या रागानंतर भैरवी गायली तर श्रोते चपला शोधायला लागतील.

---

पांढरीसहा | १५ डिसेंबर, रात्री ८:४०

हाच प्रश्न मी भाच्याला विचारला होता, अगदी भैरवीसकट. त्याचं उत्तर ऐकून गप्प झालो.

१९७६ मध्ये तीन कडवी नव्हतीच. एकच होतं. वाढदिवसाची भेट म्हणून लिहिलेलं, आणि ते जिथे संपतं तिथे रचना संपत होती. बार्तोकचा तुकडा म्हणजे खरोखरच भैरवी होती. दुसरं आणि तिसरं कडवं द्युतियोनं नंतर जोडलं, १९८२ मध्ये. म्हणजे निरोप घेऊन झाला, पाहुणे दारापर्यंत गेले, आणि मग यजमान म्हणाला, थांबा हो, अजून बोलायचंय.

त्यानंतर दुसरं कडवं ऐका. 'अंदान्ते सोस्तेनुतो', संथ, धरून ठेवलेलं. पहिल्यातली चाचरण्याची घाई नाही. मी पेटीवाला म्हणून सांगतो, मला हे कडवं सर्वांत आवडतं, कारण यात श्वास घ्यायला जागा आहे. तिसरं म्हणजे तिरकीटरावांचं. तिथे नाव शोधत बसायचं नाही, ते इतक्या वेगानं अंगावरून जातं की अक्षरं मोजणं मूर्खपणा.

त्यामुळे तीन कडव्यांची आपली सवय, विलंबित, मध्य, द्रुत, इथे लावली तर फसायला होतं. मी आधी तेच केलं होतं. इथे पहिलं कडवं स्वतःतच एक पूर्ण घर आहे, बाकीच्या दोन खोल्या सहा वर्षांनी काढलेल्या. भिंतीचा सांधा कुठे आहे तो दिसतो. लपवलेला नाही.

---

खुंटीबहाद्दर | १५ डिसेंबर, रात्री ९:२२

आमच्या इंदिरानगरच्या बंगल्यासारखं. मुलाच्या लग्नाला मागे दोन खोल्या काढल्या, जुन्या भिंतीवरची खिडकी तशीच राहिली, आता ती खिडकी हॉलमधून बेडरूममध्ये उघडते.

---

मध्यलय | १५ डिसेंबर, रात्री ९:३०

@खुंटीबहाद्दर, काका, आता मी ते कडवं ऐकताना कायम तुमची खिडकी दिसणार मला.

@पांढरीसहा, प्रश्न सुटला. आणि एक सुचलं. त्या "भैरवी"च्या वेळी तो बार्तोकचा तुकडा आणि तळाची काळी पाच, असं एकत्र ऐकू येतं तेव्हा माझ्या पांढरी सहाच्या सा ला ती काळी पाच कोमल रे लागते. खर्जात कोमल रे! सकाळची वेळ. मी म्हटलं होतं सा धरू नका, आणि मीच धरून बसलेय. सवय जात नाही.

---

वाचनवेडी | १६ डिसेंबर, सकाळी १०:१०

काका, भाचा परत जायच्या आधी एकदा प्रत्यक्ष ऐकता येईल का? कालिदास नाट्यगृहात वगैरे नको, घरगुतीच. आम्ही चार-पाच जण. पाडवा पहाटेच्या मैफलीला पिंपळपाराखाली थंडीत बसतो, तुमच्या हॉलमध्ये बसायला काय जातंय.

---

पांढरीसहा | १६ डिसेंबर, सकाळी १०:४४

विचारलं. लाजला, पण तयार आहे. रविवारी संध्याकाळी साडेसहा. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. आधी पेटीवर मी सहा सूर वाजवणार, सगळ्यांनी गुणगुणून पाठ करायचे, मगच चेलो. सतरंज्या आहेत. गुडघेवाल्यांना खुर्च्या. वरच्या आजी येणार आहेत, त्यांची अट आहे की शेवटी बाख झालाच पाहिजे, त्यामुळे तारा परत चढवायला मधे पंधरा मिनिटं जातील. तेव्हा चहा.

---

खुंटीबहाद्दर | १६ डिसेंबर, सकाळी ११:०५

येतो. एक तांत्रिक सूचना. हॉलमध्ये फ्रीज आहे का? आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे फ्रीज, ट्रान्सफॉर्मर यांची घरघर साधारण १०० हर्ट्झवर येते. म्हणजे पांढरी पाच, किंचित चढी. तुमची दुसरी तार तिथून उतरवून काळी तीनवर आणलीय, ९२.५ वर. ती मोकळी वाजली आणि फ्रीज चालू असला की दोघांची जुंपणार. एरवी कुणाला कळणार नाही, पण त्या दुसऱ्या कडव्यात कळेल.

---

पांढरीसहा | १६ डिसेंबर, दुपारी १२:२०

काका, काय सांगू. भाचा गेले दोन दिवस म्हणत होता, "मामा, घरात कुणीतरी माझ्याबरोबर पांढरी पाच गातंय." आम्हाला वाटलं थंडीनं कान बिघडला. आता फ्रीजचा दरवाजा उघडून ऐकलं, बंद करून ऐकलं. तोच आहे. रविवारी साडेसहा ते साडेसात बंद.

---

चहाबाज | १६ डिसेंबर, दुपारी १२:२६

चहाचं दूध आधी बाहेर काढून ठेवा. आणि साखर जास्त.